बाळ लवकर आलंय, बाळंतविडा काय न्यावा?

१७ नोव्हेंबर हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचा जागतिक दिवस. त्यानिमित्त या महिन्याच्या प्रश्नोत्तरांत एकाच विषयावरची पत्रं घेतली आहेत. नात्यात, शेजारी किंवा ऑफिसात कुणाचं बाळ ३७ आठवडे भरण्याआधी जन्माला आलं, तर त्या आईबाबांना काय न्यावं? उत्तरं नवजात अतिदक्षता विभागातल्या (एनआयसीयू) परिचारिका आणि स्तनपान समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत.

उत्तरांआधी सगळ्यांना एक विनंती. दुकानात जाण्यापूर्वी त्या घरातल्या कुणाला तरी (शक्यतो आईला नको) तीन गोष्टी विचारा. बाळ कितव्या आठवड्यात झालं, आज वजन किती आहे आणि ते सध्या कुठे आहे: काचेच्या पेटीत, वॉर्डात आईजवळ, की घरी. २८व्या आठवड्यात जन्मलेलं हजार ग्रॅमचं बाळ आणि ३५व्या आठवड्यातलं सव्वादोन किलोचं बाळ, दोन्ही लवकरच आलेली. पण एकाला जे लागतं ते दुसऱ्याच्या बहुधा कामाचं नसतं.

प्रश्न : माझ्या भाचीला ३०व्या आठवड्यात मुलगी झाली. वजन १३०० ग्रॅम. पुण्यात एनआयसीयूमध्ये आहे. घरातली मोठी माणसं म्हणतात, बाळ घरी येईपर्यंत काही नेऊ नका, अभिनंदनसुद्धा करू नका. बाळंतविडा आत्ता न्यावा की थांबावं? – एक आत्या, सातारा

अभिनंदन आजच करा. मुलगी झाली आहे आणि तिच्या आईला हे कुणीतरी आनंदाने म्हणायला हवं. अशा आयांना दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो, "आता कशी आहे?" "नाव काय ठेवताय?" असं कुणी विचारलं की त्यांचा चेहरा बदलतो.

बाळंतविड्याचे मात्र दोन भाग करा. बाळाचे कपडे, दुपटी, पाळण्याचं सामान हा दुसरा भाग. तो डिस्चार्जची चाहूल लागली की न्या. बाळ तोंडाने पूर्ण दूध घेऊ लागलं, पेटीबाहेर स्वतःचं अंग गरम ठेवू लागलं आणि रोज वजन वाढू लागलं की घरी सोडतात. ३० आठवड्यांच्या बाळाला तिथवर यायला चार-सहा आठवडे लागतील असं धरून चाला.

पहिला भाग आईसाठी, आणि तो या आठवड्यातच न्या. समोरून कमरेपर्यंत उघडणारे दोन सुती गाऊन, कारण तिला दिवसातून आठ-दहा वेळा दूध काढायचं असतं आणि बाळाला उघड्या छातीशी धरायचं असतं. मोठ्या आकाराच्या सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं. बाळ पेटीत असलं तरी ती बाळंतीणच आहे, हे घरचे धावपळीत विसरतात. झाकणाची एक लिटरची पाण्याची बाटली, लांब वायरचा चार्जर, न घसरणाऱ्या चपला. आणि चेन असलेली एक छोटी थैली. एनआयसीयूच्या दारात अंगठ्या, बांगड्या, घड्याळ असं कोपरापर्यंतचं सगळं उतरवून हात धुवावे लागतात. हे दागिने कधी रुमालात, कधी पर्सच्या तळाशी पडतात आणि हरवतात. थैली सगळ्यांत स्वस्त वस्तू असेल, पण रोज वापरली जाईल.

बिनवासाचं हात मऊ ठेवणारं क्रीमही द्या. सारखं धुऊन हातांना भेगा पडतात. ते बाळाजवळून बाहेर आल्यावर लावायचं, आत जाताना नाही.

आणखी एक गोष्ट घरीच होते. मऊ सुती कापडाचे साधारण १५ सेंटीमीटरचे चार चौकोन शिवून, धुऊन, इस्त्री करून द्या. आई एक चौकोन काही तास स्वतःच्या छातीशी ठेवते, मग तो बाळाजवळ ठेवतात आणि बाळाजवळचा तिच्याकडे येतो. आईचा वास बाळाला ओळखीचा होतो, आणि बाळाजवळचं फडकं हाताशी असलं की घरी दूध काढताना पान्हा लवकर फुटतो. सगळे विभाग याला परवानगी देत नाहीत, म्हणून आधी सिस्टरांना विचारायला सांगा. फुलं आणि मऊ खेळणी मात्र बहुतेक विभागांत आत नेऊ देत नाहीत.

प्रश्न : नात ३२ आठवड्यांची झाली, वजन १६०० ग्रॅम. बाजारातलं सगळं मोठं होतं. झबली-टोपरी मी घरी शिवणार आहे. मापं सांगाल का? तिच्या बाबाच्या वेळची झबली आणि कुंची ट्रंकेत जपून ठेवली आहे, ती चालेल का? – एक आजी, नाशिक

जरूर शिवा, आजी. घरी शिवलेलं झबलं अशा बाळाला दुकानातल्यापेक्षा नीट बसतं. डोक्याचा घेर दर आठवड्याला बाळाच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो, तो मागून घ्या. ३२ आठवड्यांच्या बाळाचा घेर साधारण २८ ते ३० सेंटीमीटर भरतो आणि छाती त्याहून दोन-तीन सेंटीमीटर कमी. झबलं पूर्ण घेरात ३४-३५ सेंटीमीटर ठेवा आणि खांद्यापासून लांबी २२ ते २४. बाही अर्धी आणि सैल हवी. हाताला सलाईनची सुई असली तर अरुंद बाहीतून हात निघत नाही.

झबलं डोक्यावरून घालायचं नको, अंगरख्यासारखं समोरून पूर्ण उघडणारं आणि एकावर एक येणारं हवं. ते गादीवर पसरायचं, त्यावर बाळ ठेवायचं आणि दोन्ही पदर मिटायचे, म्हणजे वायरी न काढता कपडा बदलता येतो. बांधायचे बंद कुशीला दोनच, जेमतेम गाठ बसेल एवढेच लांब, आणि गळ्यापाशी एकही नको. बटण, हूक, लेस, टिकल्या काही लावू नका. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा. या बाळांची कातडी इतकी पातळ असते की आतल्या शिवणीचाही वळ उठतो. दोऱ्याची टोकं आतून-बाहेरून तपासून कापा. सुटलेला दोरा पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, बोट सुजतं, आणि मोज्यात ते कुणाला दिसत नाही.

कापड मलमल किंवा होजिअरीचं घ्या आणि बेतण्याआधी दोनदा धुवा. सुती कापड आटतं, आणि एवढ्या लहान मापात दोन सेंटीमीटर आटलं तरी झबलं वाया जातं. टोपरं होजिअरीचं, दुहेरी, घेर डोक्यापेक्षा दोन सेंटीमीटर कमी, कारण ते ताणतं. कान झाकले गेले पाहिजेत, पण टोपरं भुवयांच्या खाली सरकता कामा नये. लोकरीचं विणायचंच असेल तर आत सुती टोपरं असू द्या आणि गोंडे लावू नका.

आधी चार टोपरी आणि पायमोज्यांचे चार जोड द्या. पेटीतल्या बाळाच्या अंगात सहसा झबलं नसतंच, श्वास नीट चाललाय का हे बघायला छाती उघडी ठेवतात. डिस्चार्जच्या सुमाराला तीन झबली या मापाची आणि तीन अडीच किलोच्या बाळाच्या मापाची द्या, कारण पहिली महिनाभरात लहान होतील. त्यासोबत दोन डझन लंगोट आणि ८० सेंटीमीटर चौरस चार दुपटी. लंगोट मात्र घरी गेल्यावरच. रुग्णालयात लघवी मोजण्यासाठी डायपरचं वजन करतात.

ट्रंकेतल्या कपड्यांचं नीट ऐका. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या का? असतील तर ते कपडे सध्या बाळाच्या अंगाला लावू नका आणि त्याच खोलीत उघडूही नका. त्या गोळ्यांतलं नॅप्थलीन वाफेतून आणि कातडीतून शरीरात जातं आणि तांबड्या रक्तपेशी फोडतं. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांना त्याचा फार त्रास होतो, आणि ती कमतरता दिसून येत नाही. पेशी फुटल्या की कावीळ झपाट्याने चढते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं यकृत ती सोसू शकत नाही. कुंची अनेकदा धुऊन, बरेच दिवस कडक उन्हात वाळवून ठेवा, नात मोठी झाली की घाला.

नवे कपडे सौम्य साबणात धुऊन एकदा जास्त पाण्यातून काढा, जंतुनाशक किंवा सुवासिक द्रव वापरू नका. मग दोन्ही बाजूंनी इस्त्री करा आणि स्वच्छ पिशवीत घालून वर माप लिहून द्या, म्हणजे आईला पुन्हा धुवावे लागणार नाहीत.

प्रश्न : सहकारी मैत्रिणीला ३१व्या आठवड्यात जुळी झाली. आम्ही सगळ्यांनी मिळून ८००० रुपये जमवले. दुकानात पावडर, तेल, लोशन, दुधाची बाटली, खेळणं असे तयार संच आहेत. त्यातला कुठला घ्यावा? – ऑफिसातला गट, ठाणे

त्यातला एकही नको. पावडरीचे कण श्वासातून फुप्फुसात जातात. वासाचं तेल आणि लोशन पातळ कातडीतून आत शोषलं जातं. बाटलीची सवय लागलेलं बाळ पुढे छातीला लागायला कुरकुरतं आणि बाटलीचं बूच नीट उकळलं गेलं नाही तर जुलाब ठरलेले. आपल्याकडे ही बाळं आधी नळीने, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने आणि शेवटी छातीवर दूध पितात.

तुमचे पैसे आईच्या दुधासाठी खर्च करा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईच्या दुधाचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्याच विकतच्या वस्तूचा नाही. आतड्याच्या गंभीर आजारापासून आणि जंतुसंसर्गापासून ते वाचवतं. पण बाळ चोखत नसताना दूध टिकवणं हे कष्टाचं काम आहे. पहिल्या सहा तासांत सुरुवात करायची, २४ तासांत आठ ते दहा वेळा काढायचं, त्यात एकदा रात्री दोन ते पाचच्या दरम्यान. पहिले दोन-तीन दिवस थेंबच निघतात. ते हातानेच चांगले निघतात आणि एक-दोन मिलीलीटरही वाया घालवायचे नसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून आलं की पंपाची गरज लागते. दोन आठवड्यांच्या सुमाराला दिवसाला निदान ५०० मिलीलीटर हे उद्दिष्ट ठेवतात आणि जुळ्यांसाठी त्याहून जास्त. वेळा चुकल्या की दूध आटतं, आणि आटलेलं वाढवणं फार अवघड.

म्हणून आधी विचारा, रुग्णालयात दूध काढण्याची खोली आणि पंप आहे का. नसेल, किंवा आईला घरून ये-जा करावी लागत असेल, तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चालणारा विजेचा पंप. मोठ्या शहरांत रुग्णालयात वापरतात तसे जड पंप महिन्याच्या भाड्याने मिळतात. एक महिन्याचं भाडं तुम्ही भरा. दुधाला लागणारे सुटे भाग मात्र नवेच हवेत. कुणाचा तरी वापरलेला घरगुती पंप 'पडूनच आहे' म्हणून देऊ नका. बऱ्याच साध्या पंपांत दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा नसतो, ओल नळीतून मोटरपर्यंत जाते, तिथे बुरशी धरते आणि ती बाहेरून धुता येत नाही.

दोन गोष्टींवर पंप बिघडतो. पहिली, छातीवर बसणाऱ्या शंकूचं माप. स्तनाग्राच्या रुंदीपेक्षा दोन-चार मिलीमीटर मोठा शंकू लागतो. पंपाबरोबर आलेला सगळ्यांना बसतोच असं नाही. घासला गेला तर दुखतं, चिरा पडतात आणि आई पंप टाळू लागते. म्हणून शंकू तिला मापून मग घेऊ द्या, त्याचे पैसे तेवढे बाजूला ठेवा. दुसरी, सिलिकॉनची छोटी पांढरी झडप. ती धुताना ब्रशने फाटते, ओढ कमी होते आणि आईला वाटतं दूधच कमी झालं. त्याच कंपनीच्या झडपांचा एक जादा जोड दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि रात्री तीन वाजता फार कामी येतो.

उरलेल्या पैशात फक्त पंपाच्या भागांसाठी वेगळं पातेलं, वेगळं घमेलं, वेगळा ब्रश आणि झाकणाची जाळी घ्या. भाग दर वेळी साबणाने धुवायचे आणि दिवसातून एकदा दहा मिनिटं उकळायचे. दूध नेण्यासाठी जाड भिंतींचा छोटा थंड डबा, बर्फाच्या दोन जेल पिशव्या, चिकटपट्ट्या आणि पाण्याने न पुसणारं पेन. काढलेल्या दुधाच्या प्रत्येक डब्यावर आईचं नाव, तारीख, वेळ. जुळ्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत काढलेलं दूध चार तास टिकतं. आपल्या मे महिन्यात तेवढं धरू नये, लगेच थंड करावं. फ्रिजमध्ये किती वेळ ठेवलेलं चालेल हे त्या विभागाने सांगितलेलं पाळावं, आजारी बाळांसाठी नियम जास्त कडक असतात.

तुमच्या गटात कुणी सध्या अंगावर पाजत असेल तर तिने आपलं कच्चं दूध मैत्रिणीला परस्पर देऊ नये. मातृदुग्ध पेढीत द्यावं. आशियातली अशी पहिली पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. पेढीत दात्या आईची रक्ततपासणी होते आणि दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून मगच बाळांना दिलं जातं.

प्रश्न : वहिनीसाठी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू करून पाठवायचे आहेत. दूध वाढेल ना? – एक नणंद, कोल्हापूर

आधी एवढं विचारा: बाळ लवकर का झालं? रक्तदाब वाढल्यामुळे किंवा गरोदरपणातल्या मधुमेहामुळे झालं असेल तर तूप-गुळाचे लाडू आणि खारं लोणचं-पापड डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तसं काही नसेल तर लाडू खुशाल पाठवा. अळिवात लोह असतं, बाळंतिणीला ते लागतंच. पण दूध लाडवाने वाढत नाही, वेळच्या वेळी काढल्याने वाढतं. "एवढे लाडू खाऊनही दूध नाही?" असं तिला कुणी म्हणू नये, हे तुम्ही घरात सांगून ठेवा.

लाडवांपेक्षा रोजचा डबा जास्त मोलाचा. एका हाताने खाता येईल असं द्या: पोळीत गुंडाळलेली भाजी, मुगाची धिरडी, दशमी, उकडलेली अंडी. रात्री दूध काढायला उठल्यावर खायला राजगिऱ्याची वडी, खजूर, फुटाणे वेगळ्या छोट्या डब्यात. पहिल्या आठवड्यात सगळेच डबे आणतात आणि अर्धं अन्न वाया जातं. तिसऱ्या आठवड्यापासून कुणी येत नाही. तेव्हाचे वार आत्ताच वाटून घ्या. डबे परत कोण नेणार हेही ठरवा, कारण रुग्णालयातून रिकामे डबे वागवणं हे बाबांचं आणखी एक काम होऊन बसतं. मोठं मूल असेल तर त्याचा शाळेचा डबा तुमच्याकडे घ्या.

प्रश्न : मामा म्हणून चांदीचे वाळे आणि बोंडलं देण्याची आमच्याकडे रीत आहे. कधी द्यावं? – एक मामा, सोलापूर

वाळे घ्या, डबीत घालून बहिणीकडे द्या आणि पायात मात्र वर्षानंतर घालू द्या. सध्या त्याच पावलाला लाल दिव्याची पट्टी गुंडाळलेली असते. रक्तातला ऑक्सिजन त्यावर मोजतात. वाळ्याने ती सरकते आणि कातडीही घासली जाते. काळा दोरा आणि करगोटा ओले राहतात, त्यांत मळ साचतो. काजळात शिसं असू शकतं. मध एक वर्षापर्यंत अजिबात चाटवायचा नाही, आणि सहाणेवर उगाळलेली बाळगुटी या बाळांना जंतूंची वाट मोकळी करून देते.

बोंडलं मात्र आत्ताच द्या, रोज दहा वेळा वापरलं जाईल. फक्त ते साधं स्टीलचं, गुळगुळीत चोचीचं, नक्षी आणि सांधा नसलेलं असू द्या. नक्षीत दूध अडकतं. दोन द्या, म्हणजे एक उकळत असताना दुसरं हाताशी राहतं. पाजायची रीत सिस्टरांकडून शिकूनच वापरायचं: बाळ जागं हवं, अर्धवट बसतं धरलेलं हवं, चोच ओठाच्या कडेला टेकवायची आणि दूध ओतायचं नाही, बाळाला ते स्वतःच्या गतीने घेऊ द्यायचं.

प्रश्न : मित्राचं बाळ २९ आठवड्यांचं, खासगी रुग्णालयात आहे. सगळे आईसाठी काहीतरी नेतात. बाबासाठी काय करता येईल? – एक मित्र, छत्रपती संभाजीनगर

समोरून बटणं असलेले दोन सैल सुती शर्ट, एक माप मोठे. कांगारू पद्धत बाबाही करू शकतो आणि त्याने करावी. बाळाला फक्त लंगोट, टोपरं आणि मोजे घालून उघड्या छातीवर उभं धरायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर, आणि वरून कापडाने बांधून घ्यायचं. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पाळण्या-पेट्यांची टंचाई होती म्हणून सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून ती जन्मानंतर लगेच सुरू करावी आणि रोज ८ ते २४ तास द्यावी असं सांगितलं आहे. एका बैठकीत निदान तासभर, कारण सारखं उचलण्या-ठेवण्याने बाळ थकतं. आई एकटी एवढे तास पुरी पडत नाही. बांधायला ताणणारं होजिअरीचं कापड, दोन तुकडे, म्हणजे एक धुतलेलं असताना दुसरं वापरता येईल. घरासाठी पाठ मागे झुकणारी कापडी आरामखुर्ची मिळाली तर त्याहून चांगलं.

पैशांचं मोकळेपणाने बोला. पाकीट द्यायचं तर "औषधांच्या बिलासाठी, परत द्यायचं नाही" असं स्पष्ट सांगून द्या, नाहीतर तो हिशेब डोक्यात ठेवतो. मित्राच्या जागी तुम्ही कागदांसाठी पळा: रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटून हा उपचार त्यात बसतो का ते विचारा, कंपनीच्या विम्यात बाळाचं नाव मुदतीत गेलं का बघा, जन्माची नोंद २१ दिवसांत झाली का बघा. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत, हेही बऱ्याच घरांना माहीत नसतं.

रक्त लागणार असं कळलं तर रक्तपेढीत जाऊन सर्वसाधारण रक्तदान करा. जवळच्या रक्ताच्या नातलगाचं रक्त थेट या बाळाला देणं टाळतात, कारण मिळत्याजुळत्या पेशी बाळाच्या शरीरात तग धरून त्याच्यावरच उलटू शकतात. तुम्ही मित्र आहात, तुम्हाला ती अडचण नाही, पण पेढी सांगेल तसंच करा.

तुमच्याकडे गाडी असेल तर एक वार डोळ्यांच्या तपासणीसाठी राखून ठेवा. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायलाच हवा, आणि फारच लहान बाळांचा दोन-तीन आठवड्यांतच. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून पडदा सुटला तर नजर कायमची जाते. वेळेत लेझर किंवा इंजेक्शन मिळालं तर वाचते. बाहेरून डोळा अगदी निरोगी दिसतो. एकदा तपासून भागत नाही, दर एक-दोन आठवड्यांनी बोलावतात, आणि डिस्चार्जनंतरच्या गडबडीत नेमकी हीच खेप चुकते. तारीख तुमच्या फोनमध्येही लिहून ठेवा.

प्रश्न : शेजारचं बाळ १९०० ग्रॅमचं होऊन घरी आलंय. मोहरीची उशी आणि शेगडी नेऊ का? भेटायला कधी जावं? – एक शेजारीण, अकोला

दोन्ही नको. लवकर जन्मलेल्या बाळाचं डोकं थोडं लांबट दिसतं आणि उशीने ते गोल होईल असं वाटतं. पण उशीवर हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. सपाट गादी, बाळ पाठीवर, आसपास उशी-खेळणी नाहीत, झोळीही नाही. डोकं पुढे आपोआप भरतं. शेगडी आणि धुरीचा धूर या फुप्फुसांना सोसत नाही, गरम पाण्याच्या पिशवीने चटका बसतो. उबेसाठी कांगारू पद्धत, टोपरं आणि २६ ते २८ अंशांची खोली पुरते.

तुम्ही डिजिटल थर्मामीटर न्या. काखेत ३६.५ ते ३७.५ अंश, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, ठीक. त्याहून कमी असेल तर लगेच छातीशी धरून तासाभराने पुन्हा मोजायचं, तरीही वाढलं नाही किंवा ताप असला तर डॉक्टर. बाळ दूध सोडतंय, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेतंय किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसतायत, तर मोजत बसायचं नाही, निघायचं. वजनकाटा भेट देऊ नका. एका लंगोटाच्या फरकाने आकडा हलतो आणि आईची रात्र जाते.

भेटायला पहिले दोन-तीन महिने दारापर्यंतच. सर्दी-खोकला असेल तर तेही नाही. त्या घरात रोज ये-जा असेल तर डॉक्टरांना विचारून फ्लू आणि डांग्या खोकल्याची लस तुम्ही स्वतः घ्या. फ्लूची लस बाळाला सहा महिन्यांआधी देता येत नाही.

प्रश्न : मी अमेरिकेत आहे, पुतणी नागपुरात. इथून काही पाठवू का? – एक काका, न्यू जर्सी

कपड्यांचं पार्सल नको, पोचेपर्यंत माप बदललेलं असतं. पंपही नको. ११० व्होल्टचा निघाला तर इथे जळतो, आणि झडपा मिळत नाहीत. दोन महिने घरकामाला आणि स्वयंपाकाला बाई, तिचा पगार तुम्ही द्या.

प्रश्न : नातू ३०व्या आठवड्यात झाला होता. पुढच्या महिन्यात वर्षाचा होतोय. पांगुळगाडा आणि कपडे घ्यायचे आहेत. – एक आजोबा, रत्नागिरी

नातू दहा आठवडे लवकर आला, म्हणून खेळण्यांच्या बाबतीत त्याला वाढदिवसाला साधारण साडेनऊ महिन्यांचा समजा. दोन वर्षांपर्यंत वाढ अशीच मोजतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. सध्या त्याला कापडी पुस्तक, घरंगळणारा चेंडू, डबा आणि झाकण, एकात एक बसणाऱ्या वाट्या आवडतील. कुठलाही भाग साडेचार सेंटीमीटरपेक्षा लहान नको, नाहीतर घशात अडकतो. लाकडी पांगुळगाडा तो धरून उभा राहायला लागला की द्या, आणि तळाला वजन असलेला घ्या, म्हणजे मागे उलटणार नाही. मुलाला आत बसवायचा चाकांचा वॉकर घेऊ नका. त्याने चालणं लवकर येत नाही आणि पायरीवरून पडण्याची भीती असते.

कपडे वयाच्या लेबलवरून नको, वजन आणि उंची विचारून घ्या. त्याला कदाचित सहा ते नऊ महिन्यांचं माप बसेल. पाहुण्यांसमोर "अजून एवढासाच?" असं कुणी म्हणू नये म्हणून लेबल आधीच कापावंसं वाटेल, पण दुकानात माप बदलून घ्यायचं असेल तर ते आणि पावती दोन्ही लागतात, तेव्हा घालून बघेपर्यंत राहू द्या.